सातव्या शाळेचा तांदूळ

सहाव्या शाळेचा शेवटचा आकडा तक्त्यावर चढला आणि सुईताईने खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या वाजवल्या. कचेरीत त्या वेळी ती एकटीच होती म्हणून बरं, नाहीतर जे कोणी हाताशी सापडलं असतं त्याला धरून तिने नाचवलं असतं.

सुईताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती पोषण कचेरीत तपासनीस होती. शाळाशाळांत जायचं, पोरांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा, त्यातलं हिमोग्लोबिन मोजायचं, उंची-वजन लिहून घ्यायचं, हे तिचं काम. पोरांनी तिला हे नाव पाडलं, ते वर्गातून कचेरीत आलं आणि शेवटी तिचा नवराही लाडात आला की तिला सुईताई म्हणू लागला. बायकोला ताई म्हणू नये, हे त्या सायकली दुरुस्त करणाऱ्या भल्या माणसाला कोण सांगणार!

चार महिन्यांपूर्वी तिने गावातल्या सातही शाळांमधली पोरं टोचून काढली होती. दर तिघांतल्या दोघांचं रक्त कमी निघालं. नवल म्हणजे गावात उपाशी कोणी नव्हतं. दुपारी शाळेत पोरं पोटभर भात खायची, ढेकर द्यायची आणि पुढच्या तासाला बाकावर मान टाकायची. पोट भरत होतं, रक्त वाढत नव्हतं. नुसत्या तांदळाने ते वाढणारही नव्हतं.

तेव्हा कचेरीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी डोकं चालवलं. "पोरांच्या ताटात नवीन काही वाढलं की ती नाक मुरडणार," त्या म्हणाल्या. "मग जे खातात त्यातच घालू या." तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळायची, यंत्रातून त्याचे पुन्हा तांदळासारखेच दाणे पाडायचे आणि ते शाळेच्या तांदळात शंभराला एक असे मिसळायचे. चव तीच, ताट तेच. पोरांना पत्ताही न लागता पोरांचं रक्त वाढणार.

आणि ते वाढलं होतं! सहा शाळा, सहा रेघा, सगळ्या वर चाललेल्या. सुईताईने तक्ता काखोटीला मारला आणि दोन-दोन पायऱ्या गाळत ती डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसली.

"बाई, बघा! बघा तरी!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा चढवला, एकेका रेघेवरून बोट फिरवलं. चाळीस वर्षं आजारी माणसं बघितलेली बाई ती, सहसा हरखायची नाही. पण तिनेही सहाही रेघा पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "गुरुवारी समिती येतेय. हे त्यांना पटलं तर सात नाही, साऱ्या भागातल्या शाळांना हा तांदूळ मिळेल. सातवी शाळा कधी?"

"उद्या. आणि सातवीची चिंता सोडा बाई. तिथे आमच्या सासूबाई आहेत!"

हे ती उगाच म्हणाली नव्हती. सासूबाई बावीस वर्षं सातव्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळत होत्या. बावीस वर्षांत तिथल्या एकाही पोराच्या दाताखाली खडा आला नव्हता. मुख्याध्यापक त्यांना विचारल्याशिवाय जेवायला बसत नसत, आणि दुसऱ्या शाळांच्या मास्तरांना नेमकं जेवणाच्या वेळीच या शाळेत काहीतरी काम निघे. सातवी रेघ सगळ्यात उंच जाणार, याबद्दल सुईताईला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मुलीचा आकडा आला नऊ पूर्णांक सहा. चार महिन्यांपूर्वी तिचा तेवढाच होता. दुसऱ्याचा नऊ पूर्णांक चार. तो तर खाली घसरलेला. विसाव्या पोरापर्यंत सुईताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने यंत्राच्या पट्ट्या बदलल्या, स्वतःचं बोट टोचून पाहिलं, वर्गशिक्षकाचंही टोचलं. यंत्र ठणठणीत होतं. दोनशे पोरं झाली आणि सातवी रेघ जमिनीवरून उठायला तयार नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा वाचले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

"याचा अर्थ एकच. आपला तांदूळ पोरांच्या पोटात जात नाहीये. तो बाहेर जातोय आणि त्याच्या जागी साधा शिजतोय."

"म्हणजे चोरी?" सुईताईचा आवाज चिरकला. "बाई, त्या माझ्या सासूबाई आहेत!"

"म्हणूनच तुला आधी सांगतेय." डॉक्टरीणबाईंनी नोंदवही पुढे ओढली. "तांदूळ वेगळा का दिसतो, कसा धुवायचा, कसा शिजवायचा, हे सातही स्वयंपाकघरांना समजावून दिलंय ना? ही बघ, तुझ्याच हातची खूण सातव्यापुढे. मग अज्ञान म्हणता येणार नाही. आज मंगळवार. गुरुवारपर्यंत मला कारण हवं. नाही मिळालं तर समितीसमोर मला स्वयंपाकघराच्या किल्ल्या काढून घ्याव्या लागतील."

सुईताई त्या खुणेकडे बघतच राहिली. कारण ती खूण खोटी होती.

सहा स्वयंपाकघरांत तिने उभं राहून तासभर सगळं समजावलं होतं. सातव्याच्या वेळी मनात म्हणाली, एवढ्यासाठी शाळेत कशाला जायचं, घरीच सांगते. आणि खूण करून मोकळी झाली. त्या संध्याकाळी खरंच तिने तोंड उघडलं होतं. "आई, शाळेच्या तांदळाबद्दल थोडं सांगायचं होतं..."

"तांदळाबद्दल?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "मला?"

आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग शेजारणीला हाक मारून त्यांनी ते सांगितलं, शेजारीण हसली, नवरा हसला, शेवटी सुईताईही हसली. विषय तिथेच संपला. सासूला भात शिकवायला पुन्हा जायची तिची काय बिशाद! अकराशे पोरांना न घाबरता टोचणारी बाई घरात मात्र भिजलं मांजर होती.

मंगळवारी रात्री जेवताना तिने खडा टाकून पाहिला. "आई, तुमच्या कोठीची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्या कमरेला. का गं?"

"सहज. पोती कोणी हलवत नाही ना?"

"माझ्या कोठीत उंदीर शिरायचा तर तोही मला विचारून शिरतो." सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. "कामात काही बिनसलंय का तुझ्या? तोंड एवढंसं झालंय."

सुईताईला रडूच फुटायचं बाकी होतं. ही बाई चोरी करते? हिने वाण्याकडून चुकून आलेलं एक जास्तीचं अंडंही परत पाठवलं होतं.

बुधवारी दुपारी ती न सांगता शाळेत गेली. जेवणं उरकली होती, भांडी घासून पालथी घातली होती. मागच्या दाराशी रखवालदार आपल्या कोंबड्यांना दाणे टाकत होता. एरवी ती थांबली नसती, पण त्या कोंबड्या नजरेत भरण्यासारख्याच होत्या. तुरे लालभडक, पिसं चकचकीत, चाल अशी की शाळा त्यांच्याच मालकीची.

"काय खायला घालता हो यांना?"

"स्वयंपाकघरातल्या काकूंची मेहेरबानी," रखवालदार अभिमानाने म्हणाला. "तीन-चार महिने झाले, रोज वाटीभर खुराक येतो. अंडी बघायचीत? पिवळा बलक बघून माणूस भांबावतो!"

त्याच्या ओंजळीत तांदूळ होता. किंचित पिवळसर, काहीसा निस्तेज, प्रत्येक दाणा दुसऱ्यासारखा. सुईताईने एक दाणा चिमटीत धरला. हे दाणे तिने झोपेतही ओळखले असते. ती धावतच आत गेली.

खिडकीखाली, जिथे उजेड सर्वांत चांगला पडतो, तिथे चार बायका चार मोठी ताटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मधोमध सासूबाई, नाकावर चष्मा. गप्पा चालल्या होत्या, पण बोटं गप्पांकडे लक्ष न देता आपलं काम करत होती. टिप, टिप, टिप. उद्याच्या तांदळातून एकेक दाणा निवडून मधल्या वाटीत पडत होता. वाटी काठोकाठ भरत आली होती.

"आई, हे काय काढताय?"

"बरं झालं आलीस!" सासूबाईंचे डोळे चमकले. "तुझ्या कचेरीला सांग जरा. व्यापारी हल्ली भेसळ करायला लागलेत. प्लास्टिक आहे हे, प्लास्टिक! आधी मलाही कळलं नव्हतं. एकदा धुताना पाण्यावर तरंगलं आणि मी सावध झाले. तेव्हापासून रोज दोन तास बसतो आम्ही चौघी. निवडून काढतो, मग धुताना जे वर येतं ते पळीने काढतो. एक दाणा," त्यांनी बोट उंचावलं, "एक दाणा पोरांच्या पोटात जाऊ दिलेला नाही मी."

सुईताई मटकन खाली बसली. आणि मग तिला हसू आलं. पोट धरून, गदगदून. चोरी नव्हती! सासूबाई चोर नव्हत्या! गावातल्या सहा स्वयंपाकघरांत कोणी इतकं निवडत नव्हतं, म्हणून तिथली पोरं सुधारली. इथे सगळ्यात चांगली स्वयंपाकीण होती, म्हणून इथला दाणा न् दाणा कोंबड्यांनी खाल्ला.

"सापडलं! आई, सापडलं!" तिने सासूबाईंना मिठीच मारली. मांडीवरचं ताट कलंडलं, बायका ओरडल्या.

"अगं काय सापडलं? वेड लागलं का?"

"ते प्लास्टिक नाही. ते औषध आहे, आई. रक्त वाढवणारं. आम्हीच मुद्दाम घातलंय."

बोलून झालं आणि तिला कळलं आपण काय बोलून बसलो. चौघींची बोटं थांबली. सासूबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग खिडकीतून मैदानाकडे. तिथे पोरं पळत होती, आणि काही भिंतीला टेकून नुसती बसली होती.

"चार महिने," त्या हळूच म्हणाल्या. "चार महिने मी पोरांच्या तोंडचा घास काढून कोंबड्यांना घातला?"

"आई, चूक तुमची नाही. मी..."

पण सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, कमरेची किल्ली काढून खिडकीत ठेवली आणि सुनेकडे न बघता घरची वाट धरली. बावीस वर्षांत कामाची वेळ संपायच्या आत त्या पहिल्यांदा घरी गेल्या.

सुईताईचं हसू कुठल्या कुठे गेलं. कारण सापडलं होतं, पण उद्या ते सांगायचं तर दोनच रस्ते होते. वहीतली खूण तशीच राहू द्यायची, म्हणजे सासूबाईंनी सांगूनही ऐकलं नाही असं ठरणार, किल्ल्या जाणार आणि बावीस वर्षांवर पाणी पडणार. किंवा खूण खोटी म्हणायची, आणि मग स्वतःच्या नोकरीवर पाणी. घरी सासूबाई जेवल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "मी सायकलवाला," तो म्हणाला. "चाकात हवा नसली तर मी चाकाला दोष देत नाही, आधी पंपच तपासतो." बायकोने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण त्याचं बरोबर होतं.

गुरुवारी समिती सातव्या शाळेतच बसली. जेवणाच्या दालनात लांब टेबल, त्यामागे तीन माणसं, बाजूला डॉक्टरीणबाई. भिंतीपाशी चौघी स्वयंपाकिणी उभ्या होत्या. सासूबाईही आल्या होत्या. बोलावणं होतं म्हणून आल्या, एवढंच चेहरा सांगत होता.

सुईताईने सगळं सांगितलं. दाणे, वाटी, कोंबड्या. कोंबड्यांपाशी समितीतला एकजण हसला आणि लगेच खोकला. मग अध्यक्षांनी नोंदवही उघडली.

"इथे तर लिहिलंय की या स्वयंपाकघराला माहिती दिली होती. मग सांगूनही यांनी दाणे काढले?"

सुईताईने वहीतल्या खुणेकडे पाहिलं. मग भिंतीपाशी खाली मान घातलेल्या सासूबाई तिला दिसल्या. मान खाली घातलेल्या सासूबाई तिने आजवर पाहिल्याच नव्हत्या, आणि तिला ते सहन होईना.

"ती खूण खोटी आहे, साहेब. मी केली. सहा ठिकाणी जाऊन सांगितलं, इथे आले नाही. सासूला शिकवायचं म्हणून घाबरले. यांना कोणी काही सांगितलंच नाही. यांनी जे केलं ते पोरांच्या काळजीने केलं. जी काय शिक्षा असेल ती माझी."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"थोडं थांबा," भिंतीपासून आवाज आला. सासूबाई पुढे आल्या, थेट टेबलापर्यंत. "पोरगी अर्धंच सांगतेय. ती आली होती सांगायला. घरी. मी हसले. शेजारणीला बोलावून हसले. बावीस वर्षं भात रांधतेय, मला काय सांगणार ही, असं वाटलं मला. आता तिची खूण खोटी म्हणायची तर माझे कान खरे होते का? चूक आमच्या घरची आहे, साहेब. तिच्या एकटीवर घालू नका."

"नाही आई, मीच पुन्हा..."

"मी बोलतेय ना!"

"अहो, तुम्ही दोघी घरी भांडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज ओला झाला होता. त्या समितीकडे वळल्या. "साहेब, मला यातून एक दिसतंय. सहा शाळांत दाणे पोटात गेले, रक्त वाढलं. सातव्यात एकही गेला नाही, वाढलं नाही. बाकी जेवण सगळीकडे सारखंच. यापेक्षा चोख पुरावा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. तो यांच्या हातांच्या सफाईने दिलाय."

अध्यक्षांनी सातव्या रेघेकडे पाहिलं, मग वरच्या सहांकडे. ते हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. सुईताईच्या नावावर लेखी ताकीद बसली. नोकरी राहिली. किल्ल्यांचा विषय निघाला तेव्हा सासूबाईंनीच हात वर केला.

"किल्ल्या घ्यायच्या तर घ्या. पण आधी एक करा. या मुलीला इथे उभी करा आणि सहा ठिकाणी जे सांगितलं ते पहिल्यापासून सांगू दे. मी पुढे बसते."

आणि त्या खरोखर बसल्या. समितीसमोर, पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे वर काढून. बाकीच्या तिघी मागे दाटल्या. सुईताईला पहिली दोन वाक्यं कापऱ्या आवाजात जमली. तिसऱ्याला सासूबाईंनी विचारलं, "धुवायचं किती पाण्याने?" आणि मग धडा असा रंगला की मधली सुट्टी झाल्याचंही कोणाला कळलं नाही. किती पाणी, किती वेळ, उरलेलं पाणी फेकायचं की नाही, दाणा तरंगतो तो का, सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. किल्ल्या मागायचं समिती विसरली, की विसरल्यासारखं केलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

चार महिन्यांनी सुईताई पुन्हा सुया घेऊन सातव्या शाळेत बसली. सासूबाई तिच्या खुर्चीमागेच उभ्या. पहिली मुलगी आली, बोट पुढे केलं, थेंब पट्टीवर पडला. यंत्राला आकडा द्यायला थोडासाच वेळ लागतो, पण तो थोडासा वेळ दोघींनी श्वास रोखून काढला.

"किती? अगं, चष्मा नाही माझ्याकडे, किती?"

"अकरा पूर्णांक दोन!"

"म्हणजे वाढलं?"

"दीडाहून जास्त वाढलं, आई!"

सासूबाईंनी त्या मुलीला उचललं आणि गरकन फिरवलं. मुलगी नऊ वर्षांची होती, चांगली भरलेली होती, आणि सासूबाईंचं वय काही उचलाउचलीचं नव्हतं, पण त्यांना कोण अडवणार! मग एकामागून एक बोटं आली. अकरा, दहा पूर्णांक नऊ, साडेअकरा. प्रत्येक आकडा सासूबाई मोठ्याने दालनभर ओरडत होत्या, जणू परीक्षेचा निकाल. पोरं आपला आकडा ऐकायला सुईच्या रांगेत ढकलाढकली करू लागली. सुईताईच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

सगळ्यांचं वाढलं नव्हतं. अठरा पोरं तिथेच होती. त्यांची यादी डॉक्टरीणबाईंकडे जायची होती, पण सासूबाईंनी आधी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. कोण पानात भाजी टाकतं, कोण डबा घरून आणतं, त्यांना अठराही जणांचं पाठ होतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या. घरात त्या तिला नावाने हाक मारत, सूनबाई फक्त लोकांत, तेही मिरवायला. "तांदळाचं झालं. आता भाजीचं बोल. माझ्या भाजीत काय चुकतंय?"

भाजी म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. "आई, तुम्ही ती आधी उकळून घेता आणि पाणी ओतून देता ना... चांगलं ते निम्मं त्या पाण्यातच जातं."

सासूबाईंनी ॲप्रनला हात पुसले आणि त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या.

"थांब, पुढे नको बोलूस," त्या म्हणाल्या. "त्या तिघींनाही बोलावून आणते."